स्वतःचीच वाट बघणारा आरोपी

खण्ण्ण... ण्ण... ण्ण.

झाकण जमिनीवर पडून गोल गोल फिरत शांत व्हायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात मी तीन गोष्टी ताडल्या. झाकण स्टीलचं आहे. ते मधल्या डब्याचं आहे. लेक उठली आहे. यातल्या पहिल्या दोन साफ चुकीच्या निघाल्या (झाकण दुधाच्या पातेल्याचं होतं, आणि ते स्टीलचं नव्हतं), पण तिसरी अचूक होती. शोधकाच्या धंद्यात तिनात एक म्हणजे नाव काढण्यासारखा निकाल.

तर, मी शोधक. माझी नजर घारीची, कान सशाचे आणि स्मरणशक्ती हत्तीची आहे. हे तिन्ही प्राणी लेकीच्या चित्रांच्या पुस्तकात एकाच पानावर आहेत, हा निव्वळ योगायोग. मला भिंग लागत नाही. चष्मा आहे, आणि त्याच्या काचांवर लेकीची बोटं कायम उमटलेली असतात, त्यामुळे ठशांच्या बाबतीतही मी स्वयंपूर्ण आहे. खून, दरोडे, हरवलेले हार असल्या किरकोळ भानगडींत मी पडत नाही. मी पकडते फंक्शनं. तीही साधीसुधी नव्हेत, स्वतःलाच हाक मारून वर स्वतःचीच वाट बघत बसणारी.

आता हे उलगडून सांगायला हवं, नाहीतर माझी थोरवी वाया जाईल.

आमच्या कचेरीत एका प्रोग्रॅमिंग भाषेचा कंपायलर तयार होतो. कंपायलर म्हणजे काय, हे मी सासूबाईंना एकदा सांगितलं होतं. "लोक जे लिहितात ते तपासून यंत्राला कळेल असं करून देणारा."

"म्हणजे दुभाषा," त्या म्हणाल्या.

"हो, पण प्रत्येक ओळीत चुका काढणारा."

"म्हणजे तुझे सासरे," त्या म्हणाल्या, आणि विषय कायमचा मिटला.

फंक्शन म्हणजे नेमून दिलेलं एक छोटं काम. साधं फंक्शन हातातलं काम संपवूनच उठतं. पण काही फंक्शनं थांबणारी असतात. ती मध्येच म्हणतात, "मी जरा त्या दुसऱ्याची वाट बघतो, तोवर तुम्ही तुमचं आटपा." थांबताना त्यांना आपलं सामान कुठेतरी ठेवावं लागतं, म्हणून कंपायलर प्रत्येकाला एक डबा देतो. गंमत अशी, की ज्याची वाट बघायची त्याचाही डबा आपल्याच डब्यात बसायला हवा. डब्यात डबा, त्यात आणखी एक डबा. आणि सगळ्यात बाहेरचा डबा केवढा लागेल, हे कंपायलरला आधीच मोजून ठेवावं लागतं.

आता एखादं फंक्शन स्वतःचीच वाट बघायला लागलं तर? त्याच्या डब्यात त्याचाच डबा, त्यातही तोच, त्याच्याही आत तोच. कंपायलर बापडा मोजत बसतो, मोजत बसतो, आणि सगळी मेमरी खाऊन शेवटी आडवा होतो. म्हणून असल्या फंक्शनला वेळीच गाठायचं आणि लिहिणाऱ्याला सांगायचं, "बाबा रे, आतला डबा आत कोंबू नकोस. बाहेर फळीवर ठेव, आणि आत नुसती तो कुठे ठेवलाय याची चिठ्ठी ठेव." हे गाठायचं काम करणारा कंपायलरचा भाग मी लिहिलाय. कचेरीत त्याला 'शोधक' म्हणतात. मलाही म्हणतात. कधीकधी नेमकं कुणाला नावं ठेवली जातायत, हे कळत नाही.

माझ्या शोधकाची पद्धत साधी आहे. फंक्शनच्या दारात जायचं, कपाळावर लाल शिक्का मारायचा, 'चौकशी चालू'. मग विचारायचं, तू कुणाची वाट बघतोस? त्यानं नाव सांगितलं की त्या दुसऱ्याच्या दारात, त्याला लाल शिक्का. तिथून तिसऱ्याच्या. असं जाता जाता आधीच लाल शिक्का असलेला कुणी भेटला, तर आपण फिरून त्याच दारात आलो. पकडा त्याला! नाही भेटला, तर परत येताना एकेकाचा लाल शिक्का पुसून हिरवा मारायचा, 'निर्दोष'.

इतकं बिनतोड काम. आणि त्या दिवशी सकाळी त्याच्यावरच तक्रार आली.

तक्रार एका पोहण्याच्या तलावावरच्या शिक्षिकेची. तलावाचं पाणी कोमट ठेवायचा प्रोग्रॅम बाईंनी आमच्या भाषेत स्वतः लिहिला होता. नवा हीटर आला म्हणून तो बदलून पुन्हा तपासायला दिला, तर आमचा चाचणीतला नवा कंपायलर अडून बसला. म्हणे, 'तापमान सांग' हे फंक्शन स्वतःचीच वाट बघत आहे. जुना कंपायलर बाईंनी उत्साहाच्या भरात पुसून टाकलेला. त्यांनी लिहिलं होतं, "हे फंक्शन आजवर कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. ते स्वतःची काय, कुणाचीच वाट बघत नाही. इथे पोरांचे ओठ निळे पडायला लागलेत. तुमचा शोधक डोक्यावर पडलाय का?"

त्याखाली मोठ्या बाईंचा निरोप. मोठ्या बाई म्हणजे आमच्या कचेरीच्या प्रमुख. "कंपायलरची नवी आवृत्ती आज संध्याकाळी बाहेर पडतेय. तोवर घोटाळा सापडला तर ठीक, नाहीतर शोधक काढून टाकते. चोर सोडून संन्याशाला सुळी देणारा शोधक काय कामाचा? पुढच्या वेळी बघू. मनाला लावून घेऊ नकोस."

'पुढच्या वेळी बघू' ही आमच्या कचेरीतली सगळ्यात खोल विहीर आहे. आत पडलेलं अजून काही वर आलेलं नाही. आणि मनाला लावून घेऊ नकोस म्हणणारे, मग नक्की कुठे लावून घ्यायचं, ते सांगत नाहीत.

कारण तो शोधक माझ्या लेकीएवढा आहे. पहिल्या ओळी लिहिल्या तेव्हा ती पोटात होती आणि लॅपटॉप मांडीवर मावत नव्हता. पुढच्या कितीतरी ओळी मी एका हातानं लिहिल्यात. दुसऱ्या हातावर तिचं डोकं असायचं, आणि ती दूध पिता पिता झोपली की मी हालचाल न करता फक्त उजव्या बाजूची अक्षरं वापरून काय लिहिता येईल याचा विचार करायचे. ती रांगायला लागली तेव्हा लाल शिक्का आला. ती चालायला लागली तेव्हा हिरवा. तिला ताप आला त्या आठवड्यात काहीच आलं नाही. एवढं सगळं विहिरीत?

"नाही," मी लेकीला म्हणाले. "मी हे प्रकरण उलगडणार."

"मी पण," ती म्हणाली. तिला आम्ही बटण म्हणतो, आकारामुळे आणि दिसेल ते दाबायच्या सवयीमुळे.

मी माझ्या सहायकाला फोन लावला. प्रत्येक वाक्य 'मॅडम, एक मिनिट' असं सुरू करतो म्हणून सगळी कचेरी त्याला एकमिनिट म्हणते. फोन स्पीकरवर टाकला, आणि स्वयंपाकघरातले डबे जमिनीवर मांडून गुन्ह्याचा देखावा उभा केला.

"हा मोठा डबा म्हणजे हीटर," मी म्हणाले. "हा मधला, भोंगा. पाणी फार गार झालं की वाजणारा. आणि ही वाटी म्हणजे आपला आरोपी, 'तापमान सांग'."

"वाटीला झाकण नाही," बटण म्हणाली.

"नोंद घेतली," मी म्हणाले. "एकमिनिट, मला पहिल्याच नजरेत दिसलंय. ही टोळी आहे! वाटी स्वतःला थेट हाक मारत नाही. ती भोंग्याची वाट बघते, भोंगा हीटरची, आणि हीटर फिरून वाटीची. मध्यस्थ! सगळे म्होरके असेच सुटतात."

"मॅडम, एक मिनिट. हीटर वाटीला हाक मारतो, बरोबर. भोंगाही मारतो. पण वाटी कुणालाच मारत नाही. तिच्यात ते लिहिलेलंच नाही."

"लिहिलेलं नाही, हाच तर पुरावा! इतका सफाईदार गुन्हेगार लिहून ठेवेल का?"

"मॅडम, फंक्शन आहे ते. लिहिलेलं असेल तेवढंच करतं."

याला सहायकांची कल्पनाशक्ती म्हणतात. मी दुसऱ्या तर्काकडे वळले.

"मग सुपारी!" मी म्हणाले. "भोंग्यानं हीटरला गुपचूप सांगून ठेवलंय, तुझं काम झालं की परस्पर मला हाक मार. नाव कुठेच येत नाही, काम चोख. भोंग्याला अटक करा."

बटणनं भोंगा उचलून काखेत मारला. आरोपी ताब्यात आला.

"मॅडम, एक मिनिट..."

"भोंगा वाजतो कसा, याचं तू काही स्पष्टीकरण देऊ शकतोस?"

"मॅडम, तो भोंगाच आहे."

"आई, मला शू आली," आरोपीला घेऊन उभी असलेली हवालदार म्हणाली.

तपास तहकूब झाला. परत येईतो भोंगा बादलीत आणि हवालदाराचा फ्रॉक ओला. तो बदलता बदलता माझ्या डोक्यात लख्ख वीज चमकली. शोधक बिनतोड. फंक्शन चार ओळींचं. मग मधे कोण राहिलं? शोधकाला हात लावायची परवानगी माझ्याखेरीज फक्त एकाच माणसाला होती. आणि तो माणूस मगापासून, मी जवळ पोचले की लगेच मला अडवत होता!

मी फोनजवळ आले. हळूच.

"एकमिनिट," मी म्हणाले, "मागच्या आठवड्यात तू शोधकात काय बदललंस?"

"मी? काही नाही मॅडम. पण मॅडम, एक मिनिट, तुम्ही जो..."

"थांब!"

"मॅडम, तुम्ही मागच्या..."

"थांब म्हटलं ना! विषय माझ्यावर ढकलू नकोस. मी सांगेपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही."

पलीकडे शांतता पसरली. गुन्हेगाराची शांतता कशी असते, हे अनुभवी कानाला बरोबर कळतं. मी फोन पलंगावर टाकला आणि लॅपटॉप उघडून त्याच्या गेल्या महिन्याभरातल्या कामाची झडती घ्यायला बसले.

झडतीत काय सापडलं? एका जागी त्यानं माझी शुद्धलेखनाची चूक सुधारली होती. एका जागी 'मॅडमना विचारून' अशी टीप होती, आणि मॅडमनी उत्तर दिलेलं नव्हतं. बस. इतका स्वच्छ माणूस मी आजवर पाहिला नव्हता, आणि त्यामुळे माझा संशय चांगलाच बळावला.

मधल्या काळात जग चालूच होतं. बटणला केळं हवं झालं. केळं सोलल्यावर ते न सोललेलं हवं झालं. हा गुन्हा आजवर कुणालाच उलगडलेला नाही, मीही तो सोडून दिला. तलावावरच्या बाईंचा दुसरा निरोप आला, "एक मुलगा रडून घरी गेला." मोठ्या बाईंचा आला, "झालं का?" बटणनं विचारलं, "झालं का?"

"थांब हं सोन्या, झालंच," मी म्हणाले. दिवसभरात हे वाक्य मी किती वेळा म्हटलं, त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही म्हणून बरं.

सासूबाई वाळलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन आल्या, तो पलंगावर ओतला आणि घड्या घालायला बसल्या. त्या रहस्यकथा शेवटच्या पानापासून वाचतात. कोण ते एकदा कळलं की मधलं निवांत वाचता येतं, असं त्यांचं म्हणणं.

"कुठवर आलं तुझं?" त्यांनी विचारलं.

"माणूस सापडलाय, आई. पुरावा सापडत नाहीये."

"डॉक्टर असेल."

"यात डॉक्टर नाही, आई."

"मग वेशांतर करून असेल."

मी लॅपटॉपमध्ये डोकं खुपसलं. खिडकीतलं ऊन भिंतीवरून सरकत कपाटाच्या मुठीपर्यंत गेलं होतं. ते त्या मुठीवरून उतरलं की आमच्याकडे संध्याकाळ म्हणतात. आता खरं सांगायचं तर माझ्या नजरेतली घार केव्हाच उडून गेली होती. मोठ्या बाईंना काय लिहायचं, याची वाक्यं मी मनात जुळवायला लागले होते. 'काढून टाका' हे दोनच शब्द होते, पण बोटं तिकडे जात नव्हती. बटण माझ्या पाठीला पाठ लावून बसली होती आणि बाहुलीला सांगत होती, "थांब हं सोन्या, झालंच." अगदी माझ्याच आवाजात.

"अगं," सासूबाई एकदम म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याच्या बनियनमधून कुणीतरी शिंकलं."

आम्ही तिघी ढिगाकडे बघत राहिलो.

ढीग पुन्हा शिंकला.

मी बनियन उचललं, चादर उचलली, दोन मोजे उचलले (जोडीतले नसलेले, तो वेगळा तपास). खाली माझा फोन. चालू. पलीकडे एकमिनिट. दुपारपासून.

"तू अजून आहेस?"

पलीकडे शांतता.

"अरे, बोल ना!"

"बोलू का?" एकमिनिट म्हणाला. "मॅडम, तुम्ही म्हणालात, मी सांगेपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही. मग तुम्ही काही सांगितलंच नाहीत. शिंक आली, तिला मी काही करू शकलो नाही."

"पण मी किती वेळ... तू फोन ठेवला का नाहीस?"

"थांब म्हणालात ना. मध्ये एकदा जेवून आलो. तेवढं माफ करा."

सासूबाईंनी पदर तोंडाशी धरला. मी आवाजात होता तेवढा दरारा गोळा केला. "ठीक आहे. काय सांगत होतास तू?"

"मॅडम, मागच्या आठवड्यात तुम्ही शोधकात एक आडवाट घातलीत. जे फंक्शन कुणाचीच वाट बघत नाही, त्याच्या मागे वेळ घालवायचा नाही, तिथूनच पुढे निघायचं. वेग वाढावा म्हणून."

"हो. उत्तम युक्ती होती ती."

"उत्तमच होती. पण लाल शिक्का दारातच मारला जातो, आणि आडवाट शिक्का पुसायच्या आधीच बाहेर पडते. म्हणजे त्या गरिबाला 'चौकशी चालू' असं करून उभं केलं, आणि 'जा घरी' म्हणायचं राहून गेलं. आधी हीटरकडून शोधक तिथे पोचला, शिक्का मारून निघून गेला. मग भोंग्याकडून पोचला, तर समोर लाल शिक्का. लगेच ओरडला, पकडा!"

मी लॅपटॉप ओढून ती ओळ काढली. होती, तिथेच.

"आपल्या चाचण्या छोट्या," तो पुढे म्हणाला. "त्यात असल्या फंक्शनला एकदाच कुणीतरी हाक मारतं, म्हणून कळलं नाही. एक ओळ वर घ्यायची, मॅडम. आडवाटेची चौकशी शिक्क्याच्या आधी. बस."

"हे तुला कधी कळलं?"

"तुम्ही भोंग्याला अटक करत होतात तेव्हा."

सासूबाईंनी मोज्याची घडी घातली. "काखेत कळसा आणि गावाला वळसा," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुझा कळसा तर बनियनात होता."

मी एक ओळ वर घेतली. चार वर्षांच्या कामात यापेक्षा छोटा बदल मी केलेला नाही. सगळ्या चाचण्या पुन्हा चालवल्या, दोन हाका मारणारी एक नवी चाचणी घातली, आणि बोटं तोंडात धरून बसले. बटणही तोंडात बोटं धरून बसली. माझी, कारण तिची चिकट होती.

पडद्यावर एकामागून एक हिरवं उमटत गेलं. मग शेवटचंही.

तलावावरच्या बाईंना दुरुस्त कंपायलर पाठवला. थोड्या वेळानं त्यांचं उत्तर आलं, "पाणी तापायला लागलंय. रडून गेलेला परत आलाय, आता बाहेर येत नाही म्हणून रडतोय." मोठ्या बाईंना मी लिहिलं, की प्रकरण उलगडलं, आणि उलगडणारा एकमिनिट आहे. क्षणभर वाटलं, 'माझ्या मार्गदर्शनाखाली' असं घालावं. घातलं. मग पुसलं. मोठ्या बाईंचं उत्तर एका ओळीचं होतं. "शोधक राहू दे. आवृत्ती निघाली."

मी एकमिनिटला पुन्हा फोन लावला. "राहिला रे शोधक!" मी म्हणाले. "आणि मी तुझ्यावर संशय घेतला, ते..."

"मॅडम, एक मिनिट," तो म्हणाला. "आता फोन ठेवू का? आई दुपारपासून विचारतेय, कोण बोलतंय म्हणून. आणि कुणीच बोलत नव्हतं."

मी लॅपटॉप मिटला आणि पलंगावर, घड्या घातलेल्या कपड्यांच्या शेजारी, आडवी झाले. बटण लगेच वर चढली आणि माझ्या पोटावर डोकं ठेवून पसरली. दिवसभर ऐकलेली सगळी 'थांब हं' ती आता वसूल करणार होती.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं. खरंच झालं."

"काय झालं?"

"मी एक गोष्ट लिहिली होती ना, ती वाचली. कुणी टाकून दिली नाही."

"कधी लिहिली होतीस?"

"तू इथे होतीस तेव्हा." मी तिच्या डोक्याखालचं माझं पोट दाखवलं. ही गोष्ट तिला फार आवडते. पोटाला कान लावून तिनं आत कुणी राहिलंय का, ते तपासलं. कुणी नव्हतं.

"मी इथे काय करत होते?"

"थांबली होतीस. माझी वाट बघत."

तिला ते पटलं. थांबण्यातलं तिला आता सगळंच कळतं. माझ्या पोटावर बोटानं गोल काढत ती कितीतरी वेळ विचार करत राहिली, आणि मी डोळे मिटून घेतले.

"तू पण तुझ्या आईच्या पोटात होतीस?"

"हो. अगदी एवढीशी."

बोट थांबलं.

"आई," ती म्हणाली, "मग तेव्हा मी कुठे थांबले होते?"